नमुनाभक्षक साहेबांच्या चरणी, सावलीहून

प्रति,
परमादरणीय, सकलस्वादपारंगत, गळ्यात 'खरेदीदार' असा निळा पट्टा शोभून दिसणारे
श्रीयुत साहेब,
मुक्काम पोस्ट : खाद्यपेयांचं प्रदर्शन भरेल ते शहर.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपली फार आठवण येते. आपल्याला आमची येत असेल असा आमचा गैरसमज नाही, म्हणून आधी ओळख देते. आम्ही सावलीच्या बचतगटातल्या बाया. जिल्हा चंद्रपूर. मूलहून गडचिरोलीला जाताना वैनगंगेच्या अलीकडे लागतो तो तालुका. मागे प्रदर्शनात हे सांगितलं तेव्हा आपण "सावनेर ना?" म्हणालात, मग "ताडोबाजवळ ना?" म्हणालात आणि तिसऱ्यांदा काही म्हणण्याआधी आमचा लाडू उचललात. भूगोलाचा तास तिथेच सुटला.

त्या लाडवाबद्दल प्रथम आभार. मोहफुलाचा लाडू इतक्या अभ्यासाने खाल्लेला आम्ही पाहिला नव्हता. पहिला तुकडा आपण टूथपिकने उचललात, डोळे मिटलेत आणि "साखर किती टक्के?" असं विचारलंत. साखर नाही, फुलाचाच गोडवा, म्हटल्यावर खातरजमा म्हणून दुसरा. आत तीळ की शेंगदाणा, हा वाद मिटवायला तिसरा. चौथा अख्खा, "मॅडमना दाखवतो" म्हणून कागदी रुमालात. टूथपिक मात्र आपण परत ताटलीत ठेवलीत, न खाल्लेल्या तुकड्यांच्या शेजारी. परक्याची वस्तू सोबत न नेण्याचा हा संस्कार हल्ली कुठे दिसतो?

मग जवसाची चटणी. ती नुसती कशी खाणार, म्हणून आमच्या डब्यातली भाकर आपण मोठ्या मनाने स्वीकारलीत. ती आमच्या दुपारच्या जेवणाची होती हे सांगून आपला घास कडू करावा असं कोणालाच वाटलं नाही. आमच्या गटातल्या मावशी तेवढ्या हळूच म्हणाल्या, "खाऊ द्या जी, उपाशी दिसून रायले साहेब." आपण ते आग्रह समजलात आणि मान डोलावलीत. शेवटी बोटं पुसायला आपल्याला टेबलावर अंथरलेली खादी बरी वाटली. सावलीची खादी जुनी, नावाजलेली आहे. तिचाही आपण असा गौरव केलात.

साहेब, आपला स्पर्श लाभला ती जागा केवढी होती, हे आपल्याला ठाऊकच असेल. तीन मीटर बाय तीन मीटर. त्यात एक टेबल, दोन खुर्च्या, एक दिवा आणि एक प्लग. वर गावाचं नाव, तेही चुकीचं छापलेलं. भाडं आधी भरायचं, सरकारी योजनेतून परतावा मागाहून यायचा. 'मागाहून' ही कोणती तारीख, हे योजनेच्या कागदावर लिहिलेलं नसतं. दोन खुर्च्यांपैकी एक आपण घेतलीत, दुसरीवर आपली बॅग ठेवलीत आणि आम्हाला उभं राहण्याचा व्यायाम मिळाला. दुपारभर आपण तिथे बसून फोनवर बोलत होतात म्हणून बाकीच्या गिऱ्हाइकांना वाटलं, इथे मोठा सौदा चाललाय, मध्ये कशाला जा. गर्दी आवरण्याचा आमचा त्रासही असा वाचला.

आपल्या प्रश्नांनी तर आम्हाला शहाणं केलं. "महिन्याला दोन टन देऊ शकाल?" हा आपला पहिला प्रश्न. मोहाचं झाड मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस फुलं गाळतं आणि मग वर्षभर उभं राहतं, असं आम्ही सांगितलं. त्यावर आपण झाडाच्या नियोजनशून्यतेबद्दल खेद व्यक्त केलात. "परवाना?" आम्ही अभिमानाने चौदा आकडी नोंदणी दाखवली, छोट्या धंद्याला वर्षाला 100 रुपये भरून मिळते ती. आपण ती पाहिलीही नाही, "बारकोड?" म्हणालात. तोही होता. "सेंद्रिय असल्याचं प्रमाणपत्र?" साहेब, जंगलातल्या मोहाला खत कोण घालतं? पण आपला मुद्दा बरोबर होता. कागद नसेल तर झाडाने आपण जंगलात वाढलो हे सिद्ध कसं करावं?

हे सगळं विचारून झाल्यावर आपण भाव विचारलात आणि आपल्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं ते पाहून आम्हाला अपराध्यासारखं झालं. "फारच महाग. जंगलातलं आहे ना? मग फुकटच मिळतं की."

अगदी फुकट मिळतं. फक्त पहाटे उठून जावं लागतं, कारण फूल रात्री-पहाटे गळतं आणि ऊन चढलं की गुरं आणि रानडुकरं वाटेकरी होतात. अंधारात टोपली घेऊन वाकून वेचावं लागतं. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं जाणकार सांगतात. आमच्याकडे वाघ पुष्कळ. आपण जिप्सीत बसून, पैसे भरून पाहायला येता तेच हे वाघ. तेंदूपानाच्या हंगामातही तीच कथा. 10 मे 2025 ला आमच्या शेजारच्या सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढामालच्या तीन बाया पानं तोडायला गेल्या आणि एका दिवसात तिघी वाघाने मारल्या. हा खर्च आम्ही लाडवाच्या भावात धरलेला नाही. तो धरायचा कसा, हे आपल्यासारख्या व्यापार जाणणाऱ्यांनीच शिकवावं. प्रतिकिलो धरावा की प्रतिनग?

आपल्या रसिकतेला तर आमचा खास सलाम. मोहफुलाचं सरबत पेल्यात ओतलं तेव्हा आपण आजूबाजूला पाहिलंत, वाकलात आणि एक डोळा बारीक करून विचारलंत, "हे ठीक आहे हो, पण खरी मोहाची आणली नाही का?" आपल्याआधी आणि आपल्यानंतर त्या दिवशी ज्याने ज्याने 'मोह' हा शब्द वाचला, त्या प्रत्येकाने हाच विनोद केला, पण आपल्यासारखा डोळा कोणाला जमला नाही.

साहेब, तो विनोद आपण ज्यांच्यापुढे केलात त्या मावशींची ओळख करून द्यायची राहिली. 2010 च्या डिसेंबरात दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर आमच्या जिल्ह्यातल्या बाया पायी गेल्या होत्या, त्यांत त्या होत्या. थंडीत, चपला हातात घेऊन. गडचिरोलीत बंदी 1993 पासून आहे. चंद्रपुरात ती 1 एप्रिल 2015 ला आली आणि 2021 मध्ये उठली. बंदीने काय साधलं, काय बिघडलं, यावर आमच्याही गटात एकमत नाही. चोरटी दारू आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. पण ज्या बाईने नवऱ्याच्या बाटलीपायी एवढी वाट तुडवली, तिने त्याच फुलाचा लाडू वळून आपल्यापुढे ठेवला, तेव्हा तिला "खरी कुठे आहे?" असं विचारायला जी हिंमत लागते ती सामान्य माणसाकडे नसते.

दारूचं आम्हाला वावडं आहे असंही समजू नये. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ती मानाने प्रदर्शनात बसते, बसो बिचारी. पण सगळ्या प्रदर्शनांची थोरली आई म्हणतात ते लंडनचं 1851 चं प्रदर्शन, तिथे दारू विकायला बंदी होती. लोक सोडा, लिंबूपाणी आणि आल्याचं पेय प्याले, दहा लाखांवर बाटल्या खपल्या आणि ते विकणाऱ्या श्वेप्सचं नाव आजही बाजारात आहे. म्हणजे सरबतावरही धंदा होतो. फक्त समोरच्याने पेला रिकामा केल्यावर खिशात हात घालावा लागतो.

आता मुख्य विषय. जाताना आपण म्हणालात, "लॅबला नमुना द्यावा लागेल." आम्ही दिला. लाडवाचा डबा, मधाची बाटली, चारोळीची पुडी आणि आपल्या आग्रहावरून पाच किलो एचएमटी तांदूळ. पाच किलो भात शिजवून पाहणारी ती प्रयोगशाळा किती जणांची आहे हे विचारणं बरं दिसलं नसतं. पिशवी जड होती, म्हणून आमच्यातली धाकटी ती आपल्या गाडीपर्यंत पोचवून आली. डिकीत आणखी पिशव्या होत्या, असं ती म्हणाली. कोकणातल्या कोकमाच्या, कोल्हापूरच्या गुळाच्या. विज्ञानासाठी केवढी धडपड!

पाच किलो म्हटलं की आमच्या भागात एक गोष्ट आठवते. ती आपल्याला ठाऊक नसेल, कारण तिच्यात खायला काही नाही.

आमच्याच जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथे दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. 1983 मध्ये 'पटेल-3' या वाणाच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर, बारीक दाण्याच्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. असं वर्षानुवर्षं. तांदूळ निघाला बारीक, वासाचा, भरघोस उताऱ्याचा. व्यापाऱ्याने नाव विचारलं, तर नावच नव्हतं. त्या काळात एचएमटीची घड्याळं जोरात होती, म्हणून तांदूळ झाला एचएमटी. पिकवणाऱ्याचं नाव कोणाला सुचलं नाही, घड्याळाचं सुचलं.

आता नमुन्याकडे येते. 1994 मध्ये कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने प्रयोगासाठी त्यांच्याकडून बियाणं नेलं. पाच किलो. 1998 मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' हा वाण विद्यापीठाच्या नावाने बाहेर आला. विद्यापीठ म्हणतं, आम्ही ते शुद्ध केलं. केलंही असेल, आपणही आमचे लाडू शुद्धच केलेत. दादाजींनी पुढे आणखी वाण काढले, एकाचं नाव गावावरून 'नांदेड 92', एकाचं स्वतःच्या नावाच्या अक्षरांवरून 'डीआरके'. 2010 मध्ये 'फोर्ब्स'ने देशातल्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांना घेतलं. 2018 च्या जूनमध्ये ते गेले, आजारपणात आणि गरिबीतच. त्यांच्या तांदळाचा भात मात्र आज नागपूरच्या लग्नांत आहे, हैदराबादच्या बाजारात आहे आणि आपल्या डिकीतही होता.

म्हणून सांगते, आपण काही नवीन केलेलं नाही, मनाला लावून घेऊ नका. नमुना देणं ही आमच्या भागाची जुनी खोड आहे. जंगलाने बांबू दिला, जमिनीने कोळसा दिला, दादाजींनी बियाणं दिलं. लॅबचा अहवाल कधी आला नाही, एवढंच.

आपल्या अहवालाची आम्ही पावसाळाभर वाट पाहिली. तो आला नाही, पण आपण आम्हाला विसरला नाहीत हेही खरं. आपण नंबर घेतला होता, त्यावर रोज सूर्योदयाला गुलाबाचं फूल आणि 'सुप्रभात' येतं. दिवाळीला पणती आली. मग एक दिवस संदेश आला की आमच्या गटाची 'राष्ट्रीय खाद्य उद्योजिका' पुरस्कारासाठी निवड झाली आहे. सोहळा पंचतारांकित हॉटेलात, सोबत ट्रॉफी, फेटा, फोटो आणि नोंदणी शुल्क अधिक जीएसटी. आपण आमची चव घेतलीत, आता मानही देऊ केलात. मावशींनी विचारलं, "पुरस्कार आपल्याले देऊन रायले, तं पैसे आपुनच काहून द्यायचे?" त्यांना व्यवहार कळत नाही. तिसरी शिकलेल्या माणसाने वाण काढला तशीच ही न शिकलेली बाई कधी कधी काहीतरी बोलून जाते.

आपल्या मोठेपणाबद्दलही ऐकून आहोत. आपण बोलता बोलता सांगितलंत की आधी दुबईचं 'गल्फूड', मग मार्चमध्ये दिल्लीचं 'आहार', एका वर्षी पॅरिसचं 'सिआल', पुढच्या वर्षी कोलोनचं 'अनुगा', अशी आपली वारी असते. पंढरपूरची वारी करणाऱ्याला आम्ही पायाला हात लावून नमस्कार करतो, तसाच आपल्यालाही करावासा वाटला. तिथेही आपण टूथपिक परत ठेवता का? की तिथे दारात नाव, धंदा, खरेदीचा अधिकार विचारून मगच आत सोडतात आणि जर्मन माणूस चीजचा दुसरा तुकडा देण्याआधी ऑर्डरचा अर्ज पुढे करतो? 2017 मध्ये दिल्लीच्या 'वर्ल्ड फूड इंडिया'त 918 किलो खिचडी एका कढईत शिजवून विश्वविक्रम झाला, तेव्हाही आपण होता म्हणे. खिचडीत तांदूळ कोणता होता, हे आपण विचारलं नसेलच. ते आम्ही विचारलं असतं.

आमची प्रदर्शनाची समज गावंढळ, ती आधी सांगायला हवी होती. 1936 मध्ये गांधी सेवा संघाची बैठक आमच्या सावलीत झाली, गांधीजी इथे मुक्कामाला होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं आणि त्यासोबत खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन. हातसडीचा तांदूळ आणि घाण्याचं तेल ही त्या चळवळीची लाडकी अपत्यं. मांडणाऱ्याने शिकवायचं, पाहणाऱ्याने शिकायचं आणि जाताना विकत घ्यायचं, अशी ती जुनाट कल्पना. तेव्हा बारकोड नव्हता आणि निळा पट्टाही नव्हता. लोकांना आपण गिऱ्हाईक आहोत की पाहुणे, हे सांगायला पट्टा लागत नव्हता.

खरं सांगू का साहेब, आपल्या अनुपस्थितीतही आमचं बरं चालतं. मुंबईत बांद्र्याला बचतगटांचं 'महालक्ष्मी सरस' भरतं. तिथे डोंबिवलीची, मुलुंडची बाई येते, गळ्यात पट्टा नाही, हातात कापडी पिशवी. ती अर्धा तुकडा चाखते, "मागच्या वेळी तिखट जास्त होतं" म्हणून तोंडावर सुनावते, दहा रुपये कमी करा म्हणून घासाघीस करते आणि पाव किलो चटणी घेते. दोन टनांचं नाव काढत नाही. पुढच्या वर्षी शेजारणीला घेऊन पुन्हा येते. आमच्या गटाची पोरं जी शिकताहेत ती तिच्या पाव-पाव किलोवर. आपल्या दोन टनांवर अजून एक वहीसुद्धा आलेली नाही.

कधी आपण उंच असता, कधी बुटके, कधी सुरतेचे, कधी पुण्याचे. कधी साडी नेसून 'मॅडम' होऊनही येता. पट्ट्यावरून आणि टूथपिकवरून आम्ही ओळखतो. म्हणून हे पत्र कोणा एकाच्या पत्त्यावर न टाकता उघड्यावर लिहिलं आहे. ज्याला आपलं वाटेल त्याने घ्यावं, याचाही नमुना मोफत आहे.

येत्या हंगामापासून गटाने ठराव करून खालीलप्रमाणे ठरवलं आहे, ते कृपया ध्यानी असावं. चव एकदाच आणि अर्धा तुकडा. त्यापुढे लाडू नगावर, रोख. लॅबसाठी नमुना हवा असल्यास छापील भावाने मिळेल, पावतीसह. अहवाल चांगला आला तर पहिल्या ऑर्डरमधून ती रक्कम वजा करून देऊ. ऑर्डर लेखी, निम्मी रक्कम आगाऊ. बियाणं कोणत्याही कारणासाठी मिळणार नाही. खुर्चीवर बसायचं असल्यास किमान दोन किलोंची खरेदी. डोळा मारल्यास मावशींशी बोलावं लागेल.

मॅडमना लाडू आवडला असेलच. तसं त्यांनी कळवलं तर आनंद होईल.

कळावे, लोभ आहेच, तो जरा कमी व्हावा ही विनंती.

आपली नम्र,
गटाची सचिव, सावली

ता. क. : हे पत्र साहेबांच्या खांद्यावरून वाचणाऱ्या मंडळींना एक सांगायचं आहे. यंदा प्रदर्शनात आलात तर आमच्या टेबलाशी थांबा. चाखा, नावं ठेवा, घासाघीस करा. आणि जाताना निदान पाव किलो चटणी घेऊन जा.